खिंड आणि चुंबळ

सह्याद्रीच्या कड्याखाली वसलेल्या कर्जत आणि खालापूर या तालुक्यांचा इतिहास बव्हंशी घाटवाटांचा इतिहास आहे. कल्याणच्या बंदरातून देशावर जाणारा माल ज्या वाटांनी वर चढे, त्यांतील एका वाटेच्या पायथ्याशी कोंडाण्याची बौद्ध लेणी कोरली गेली. उंबरखिंडीत फेब्रुवारी १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या फौजेची कोंडी केली. आणि १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातून लोहमार्ग वर नेताना हजारो मजुरांचा बळी गेला. या साऱ्याच्या मुळाशी भूमीचा एकच गुण आहे, तो म्हणजे डोंगररांग सगळीकडून सारख्या कष्टाने ओलांडता येत नाही, तिच्यात जिथे खिंड असेल तिथूनच माणसे, बैल आणि आगगाड्या जातात. याच गुणाचे गणित एकोणिसाव्या शतकात मांडले गेले, विसाव्या शतकात ते डोंगर सोडून स्फटिकांतील इलेक्ट्रॉनांपर्यंत पोहोचले, आणि त्या प्रवासातील एक निर्णायक पाऊल याच घाटाखालच्या मुंबईत, इलेक्ट्रॉनांचा विचारही मनात नसलेल्या दोन गणितज्ञांनी टाकले. आधुनिक गणित आणि संघनित द्रव्याचे भौतिकशास्त्र, म्हणजे असंख्य अणू एकत्र आल्यावर घन आणि द्रव पदार्थांत दिसणाऱ्या गुणधर्मांचे शास्त्र, यांची गाठ कशी पडली, हे त्या पावलाच्या आधाराने चांगले उलगडते.

कर्जतहून कोंडाण्याच्या वाटेने वर गेले की राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले लागतात आणि त्या दोहोंमधील खोलगट माचीवर भैरवनाथाचे देऊळ आहे. ही जागा खिंडीचा नमुना म्हणून पाहण्यासारखी आहे, कारण एका बालेकिल्ल्यावरून दुसऱ्याकडे निघालेल्या माणसासाठी ती वाटेतील सर्वांत खालची जागा असते, तर एका बाजूच्या दरीतून चढून दुसऱ्या बाजूला उतरणाऱ्यासाठी तीच जागा वाटेतील सर्वांत उंच असते. घोड्याच्या खोगिराचा मध्य असाच असतो, म्हणून गणितात अशा बिंदूला खोगीरबिंदू म्हणतात, तरी मराठी मुलखात ‘खिंड’ हा शब्द अधिक जवळचा आहे. विद्युत्‌चुंबकीय सिद्धांताचे जनक जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७० मध्ये टेकड्या आणि दऱ्यांवर एक छोटा निबंध लिहिला. पृथ्वीच्या संपूर्ण पृष्ठभागावरील शिखरांची संख्या घ्यावी, तिच्यातून खिंडींची संख्या वजा करावी आणि खळग्यांची संख्या मिळवावी, म्हणजे उत्तर नेहमी २ येते, असे त्यातील निष्कर्षाचे सार आहे. भूकंपाने नवे शिखर उभे राहिले तरी त्याच्याबरोबर एक नवी खिंड जन्मते आणि बेरीज तीच राहते. पाणी कुठून कुठे वाहते याचाही विचार त्या निबंधात आहे: शिखराकडून खिंडीकडे आणि तेथून पुढच्या शिखराकडे जाणारी रेषा ही पाणलोटाची रेषा होय. कर्जत आणि खालापूर यांच्या मधोमध अशीच एक रेषा आहे. तिच्या एका अंगाचा पाऊस उल्हास नदीतून कल्याणकडे आणि वसईच्या खाडीकडे जातो, तर दुसऱ्या अंगाचा पाताळगंगेतून धरमतरच्या खाडीकडे.

मॅक्सवेल यांच्या सूत्रात एक गोष्ट विलक्षण आहे. शिखर, खिंड आणि खळगा या तिन्ही स्थानिक बाबी आहेत, कारण त्या ओळखायला आजूबाजूची चार हात जमीन पाहिली तरी पुरते. पण उत्तरातील २ हा आकडा संपूर्ण गोलाच्या आकाराचा आहे, तो कोणत्याही एका जागी उभे राहून दिसत नाही. स्थानिक मोजणीतून अखंड आकाराचा पत्ता लागणे, हा विचार अमेरिकी गणितज्ञ मार्स्टन मोर्स यांनी १९२५ पासून पुढे नेला आणि त्यातून एक स्वतंत्र सिद्धांतच उभा राहिला. आकार ताणला, दाबला किंवा वाकवला तरी जे गुणधर्म टिकतात त्यांचा अभ्यास करणाऱ्या शाखेला संस्थितिशास्त्र किंवा टोपॉलॉजी म्हणतात, आणि मोर्स यांचा सिद्धांत हा त्या शास्त्राचा एक खांब आहे. गोलाऐवजी वेगळा आकार घेतला तर २ ऐवजी वेगळा आकडा येतो. डोक्यावर हंडा ठेवण्याआधी बायका कापडाची जी चुंबळ करतात, तिचा आकार घेऊन हे पाहता येते. चुंबळ खुंटीला टांगली की तिचा सर्वांत वरचा बिंदू हे शिखर आणि सर्वांत खालचा बिंदू हा खळगा. मधल्या भोकाच्या वरच्या आणि खालच्या कडेवर मात्र एकेक खिंड सापडते. एकातून दोन वजा केले आणि एक मिळवला, तर उत्तर शून्य येते. चुंबळीवर उंचसखलपणा कसाही असो, एक शिखर आणि एक खळगा तर असणारच, म्हणून किमान दोन खिंडी टाळता येत नाहीत.

ही चुंबळ स्फटिकात कोठून आली, हा या इतिहासातील कळीचा प्रश्न आहे. फेलिक्स ब्लॉख यांनी १९२८ मध्ये दाखवून दिले, की अणूंची रचना ठरावीक अंतराने जशीच्या तशी पुन्हा येत असल्याने स्फटिकातील इलेक्ट्रॉन हा तरंगासारखा सर्वत्र पसरतो आणि त्याची ओळख ‘तरंगसदिश’ नावाच्या राशीने, म्हणजे तरंगाची दिशा आणि आखूडपणा सांगणाऱ्या बाणाने, पटते. तरंग केवळ अणूंच्या जागीच तपासला जात असेल, तर फार आखूड तरंग आणि एक लांब तरंग यांत फरक करता येत नाही. चित्रपटात वेगाने फिरणारे चाक जसे कधी सावकाश फिरताना दिसते, तसाच हा प्रकार आहे. त्यामुळे द्विमित स्फटिकात तरंगसदिशांचा नकाशा काढला, तर त्याची पूर्वेची कड आणि पश्चिमेची कड एकच ठरते, तसेच उत्तरेची आणि दक्षिणेचीही. असा कागद गुंडाळून पूर्व-पश्चिम कडा जोडल्या की नळी होते, आणि नळीची दोन तोंडे जोडली की चुंबळ. प्रत्येक तरंगसदिशाला एक ऊर्जा असते, म्हणून ऊर्जेचा आलेख हा या चुंबळीवरचा डोंगराळ प्रदेशच होतो. हा प्रदेश डोळ्यांना दिसत नाही आणि त्यावर चालता येत नाही, तरी पदार्थ विजेचा वाहक आहे की रोधक, त्याचा रंग कोणता, तो तापतो कसा, हे सारे त्याच्या चढउतारांवर ठरते.

स्फटिकातील अणूंच्या कंपनांनाही हाच नकाशा लागू पडतो, आणि त्या कंपनांवरून भारतात एक तीव्र वाद झडला. हिऱ्याच्या वर्णपटात दिसणाऱ्या टोकदार रेषांवरून चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९४० च्या दशकात असे प्रतिपादन केले, की स्फटिकात मोजक्या, ठाम वारंवारतांचीच कंपने होतात. माक्स बॉर्न आणि त्यांच्या अनुयायांचे म्हणणे याच्या उलट होते: वारंवारतांची एक अखंड श्रेणी असलीच पाहिजे. रामन यांच्या प्रयोगशाळेतील रेषा खऱ्या होत्या आणि बॉर्न यांचे गणितही खरे होते, म्हणून वाद मिटेना. त्यावर प्रकाश पडला तो १९५३ मध्ये, जेव्हा बेल्जियन भौतिकशास्त्रज्ञ लिऑन व्हॅन होव्ह यांनी मोर्स यांचा सिद्धांत स्फटिकाला लावला. व्हॅन होव्ह तेव्हा प्रिन्स्टनच्या त्याच संस्थेत काम करीत होते, जिथे मोर्स प्राध्यापक होते. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: वारंवारतेचा प्रदेश जिथे सपाट होतो, म्हणजे शिखरावर, खळग्यात आणि खिंडीत, तिथे एकाच वारंवारतेच्या आसपास पुष्कळ कंपने गोळा होतात, द्विमित स्फटिकात तर खिंडीच्या वारंवारतेला त्यांची दाटी अमर्याद होते. खिंडी असतील की नाही हा अणूंमधील बलांचा प्रश्नच नाही, कारण चुंबळीवर त्या असाव्याच लागतात. श्रेणी अखंड असते हे बॉर्न यांचे म्हणणे असे टिकले, आणि अखंड श्रेणीतही टोके का उमटतात, याचेही उत्तर मिळाले. पदार्थाची रासायनिक घडण न पाहता, केवळ चुंबळीच्या आकारावरून प्रयोगशाळेत दिसणारी गोष्ट सांगता येते, याचा हा पहिला ठळक दाखला मानायला हरकत नाही.

याच सुमारास मुंबईत एक संस्था उभी राहत होती. रामन ज्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते, तिथेच युद्धकाळात होमी भाभा काम करीत होते आणि तेथूनच मार्च १९४४ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला लिहिलेल्या पत्रातून टाटा मूलभूत संशोधन संस्थेची कल्पना आकारली. संस्था १९४५ मध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षाअखेर मुंबईत पेडर रोडवरील एका बंगल्यात आली. टाटांचे नाव कर्जत-खालापूरला नवे नव्हते. लोणावळ्याच्या तळ्यांचे पाणी सुमारे पाचशे मीटर खाली सोडून वीज करणारे खोपोलीचे केंद्र १९१५ मध्ये आणि भिवपुरीचे १९२२ मध्ये सुरू झाले होते, व मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालत होत्या. घाटमाथ्याच्या पावसावर मुंबईचा उद्योग उभा राहिला आणि त्याच घराण्याच्या न्यासाच्या पैशातून, कोणताही तात्काळ उपयोग न विचारता, गणिताला जागा मिळाली, ही गोष्ट कृतज्ञतेने नोंदवावी अशीच आहे.

संस्थेत गणिताचे प्राध्यापक म्हणून भाभांनी आणले ते दामोदर धर्मानंद कोसंबी यांना. गोव्यात १९०७ मध्ये जन्मलेले कोसंबी मराठी वाचकांना प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून परिचित आहेत, पण त्यांचा पेशा गणिताचा होता. ते पुण्यात राहत आणि ‘डेक्कन क्वीन’ने बोरघाट उतरून, कर्जतमार्गे, मुंबईला येत. सातवाहनकालीन लेणी घाटवाटांच्या आसपासच का आढळतात, याचे व्यापाराशी जोडलेले त्यांचे विवेचन पायी केलेल्या भटकंतीतून आले होते. भूमितीत त्यांनी केलेले काम त्याहून जुने आहे. काही समीकरणांनी केवळ वाटा दिल्या असतील, अंतर मोजण्याचे साधन दिलेले नसेल, तर त्या वाटांवरूनच अवकाशाची भूमिती कशी घडवावी, हा प्रश्न त्यांनी १९३३ मध्ये हाताळला. त्याच अंकात थोर फ्रेंच भूमितिज्ञ एली कार्ताँ यांनी त्यावर टिपण लिहिले, आणि १९३९ मध्ये शिंग-शेन चर्न या तरुण चिनी गणितज्ञाने तो धागा पुढे नेला. आजही तो सिद्धांत कोसंबी, कार्ताँ आणि चर्न या तिघांच्या नावांनी ओळखला जातो. वाटांवरून भूमी जाणणारा हा गणितज्ञ वाटांवरून इतिहासही जाणत होता, आणि त्याच्या दोन्ही कामांत एकच बुद्धी वावरत होती, असे वाटल्यावाचून राहत नाही. चर्न यांचे नाव मात्र या कथेत पुन्हा, अगदी वेगळ्या वाटेने येणार आहे.

कोसंबी १९६२ पर्यंत संस्थेत होते, पण तेथील गणिताला जगभर नाव मिळवून दिले ते दुसऱ्या एका गटाने. के. चंद्रशेखरन १९४९ मध्ये संस्थेत आले आणि त्यांनी तरुणांना घडवण्याची शिस्त लावली. १९५३ मध्ये मद्रासहून आलेल्या विद्यार्थ्यांत एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री हे दोघे होते; थोड्याच वर्षांत नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखाली एस. रमणन यांनी काम सुरू केले. या मंडळींचा विषय होता सदिशजुडी. एखाद्या पृष्ठभागाच्या प्रत्येक बिंदूला एकेक सदिश अवकाश, म्हणजे बाणांचे एकेक घर, बांधलेले असावे आणि बिंदू सरकला तसे ते घरही हळूहळू वळत जावे, अशा रचनेला सदिशजुडी म्हणतात. मेथीच्या काड्या एका दोऱ्याने बांधल्या की जुडी होते, तशा येथे पृष्ठभागाने घरे बांधलेली असतात. एका बिंदूच्या घरातील बाण शेजारच्या बिंदूच्या घरात नेताना तो ‘न वळवता’ नेला असे कधी म्हणायचे, हे ठरवणाऱ्या नियमाला संयोजन म्हणतात.

हा नियम दिसतो त्यापेक्षा खोल आहे, आणि तो हाताने करून पाहता येतो. कागदाची गोल चकती घ्यावी, तिच्यातून पोळीच्या तुकड्यासारखी एक फाक कापून काढावी आणि उरलेल्या कागदावर मध्यबिंदूभोवती फिरत, एकाच दिशेला तोंड असलेले बाण काढत जावे. नंतर कापलेल्या दोन कडा जोडल्या की भेळेच्या पुडीसारखा शंकू होतो; कर्जत तालुक्यातील पेठच्या कोथळीगडाचा सुळकाही साधारण अशाच आकाराचा आहे. आता दिसते ते असे, की शंकूभोवती एक फेरी मारून आलेला शेवटचा बाण पहिल्या बाणाशी जुळत नाही. वाटेत तो एकदाही वळवलेला नाही, तरी तो वळला आहे, आणि नेमका कापलेल्या फाकेच्या कोनाइतका. फेरी टोकाजवळून मारली काय किंवा पायथ्यावरून मारली काय, कोन तोच राहतो. वक्रता म्हणतात ती हीच: प्रत्येक पावलावर प्रामाणिकपणे सरळ धरलेला बाण घरी परतताना जितका फिरलेला आढळतो, ते तिचे माप. डोंगराच्या उतारावर हा नियम पाळण्याची एक सोपी रीत आहे. बाण पुढच्या जागी नेताना तो थोडा जमिनीबाहेर निघतो, तेव्हा त्याला पुन्हा उताराच्या पातळीत दाबून बसवायचे आणि पुढे जायचे. मोठ्या सपाट अवकाशातून लहान घरात असे दाबून बसवणे म्हणजे प्रक्षेप.

नरसिंहन आणि रमणन यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि १९६३ मध्ये विस्तारलेल्या प्रमेयाचा गाभा असा आहे, की संयोजन कितीही अमूर्त असो, कोणत्याही नियमाने आलेले असो, पुरेशा मोठ्या सपाट अवकाशात ती जुडी अशी बसवता येते की ते संयोजन म्हणजे निव्वळ प्रक्षेपाचा नियम ठरतो. म्हणजे जगातील सगळी संयोजने एकाच मूळ संयोजनाच्या छाया आहेत. त्यामुळे त्याला सार्वत्रिक संयोजन म्हणतात. नरसिंहन तेव्हा तिशीच्या आत होते. प्रमेयाच्या मांडणीत ना स्फटिक होता, ना इलेक्ट्रॉन, आणि भौतिकशास्त्रात पुढे त्याच रचनेची गरज पडेल, याची चाहूल कोणालाही नव्हती.

गरज पडली ती फ्रान्समधील ग्रेनोबल येथे, फेब्रुवारी १९८० मध्ये. विजेचा प्रवाह वाहणाऱ्या पट्टीला आडवे चुंबकीय क्षेत्र लावले की पट्टीच्या दोन कडांमध्ये विद्युत्‌दाब निर्माण होतो, हे एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधले होते. क्लाउस फॉन क्लिट्झिंग हे सिलिकॉनच्या एका साधनातील इलेक्ट्रॉनांच्या पातळ थरावर, अतिशय थंड तापमानात आणि फार प्रबळ चुंबकीय क्षेत्रात हाच परिणाम मोजत होते. क्षेत्र किंवा इलेक्ट्रॉनांची संख्या बदलताना हॉलचा रोध सलग बदलायला हवा होता; प्रत्यक्षात तो पायऱ्यापायऱ्यांनी बदलला, आणि प्रत्येक पायरीची किंमत २५,८१२.८०७ ओहम या संख्येला १, २, ३, ४ अशा पूर्णांकाने भागून येणारी होती. नमुन्यात अशुद्धी होत्या, त्याच्या कडा ओबडधोबड होत्या, आणि तरी पूर्णांक अभंग राहत होता. भौतिकशास्त्रात इतकी अचूकता अशा मळकट परिस्थितीत सहसा मिळत नाही, म्हणून तिचे कारण पदार्थात नव्हे तर आकारात शोधावे लागणार, हे उघड होते. १९८२ मध्ये डेव्हिड थाउलेस, महितो कोहमोतो, पीटर नाइटिंगेल आणि मार्सेल डेन नाइस या चौघांनी स्फटिकातील इलेक्ट्रॉनांसाठी हॉलच्या संवाहकतेचे सूत्र काढले आणि ती तरंगसदिशांच्या चुंबळीवरील एका राशीची बेरीज आहे व ती बेरीज पूर्णांकच येते, हे दाखवले. पुढच्या वर्षी गणिती भौतिकशास्त्रज्ञ बॅरी सायमन यांनी योसेफ आवरॉन आणि रूडी झाइलर यांच्यासह ती राशी ओळखली: तो एका सदिशजुडीचा चर्न-अंक होता, चर्न यांनी १९४० च्या दशकात शोधलेल्या गुणधर्मांपैकी सर्वांत साधा.

हा अंक पूर्णांकच का असतो, हे समजून घेण्यासारखे आहे. पुंजयामिकीत प्रत्येक अवस्थेला एक कला असते. घड्याळाच्या काट्यासारखी तिची दिशा असते आणि ती कोणती धरावी हे आपल्या मर्जीवर असते. चुंबळीच्या प्रत्येक बिंदूवर काट्याची दिशा निवडायची आणि शेजारच्या बिंदूंच्या दिशा एकमेकींत अलगद मिसळल्या पाहिजेत, असा आग्रह धरला, तर जुडीला पीळ नसताना ते जमते. पीळ असेल तर कुठेतरी एखादा बिंदू असा उरतो, की त्याच्याभोवती फिरताना काट्याला पूर्ण चक्कर मारावी लागते. चक्कर अर्धी मारता येत नाही, कारण फेरी संपताना काटा आपल्याच जागी परत आला पाहिजे; अशा चकरांची बेरीज हा चर्न-अंक. अशुद्धीमुळे चुंबळीवरचे डोंगर थोडे हलतात, पण पीळ मोडत नाही, जोवर दोन ऊर्जापट्टे, म्हणजे चुंबळीवर एकावर एक असलेले ऊर्जेचे दोन प्रदेश, एकमेकांना भिडत नाहीत तोवर. मॅक्सवेल यांच्या सूत्रात शिखरे-खिंडी बदलल्या तरी २ टिकतो, तसाच हा अंक टिकतो.

त्याच १९८३ च्या आणखी एका निबंधात सायमन यांनी मायकेल बेरी यांचा तोवर छापून न आलेला शोध भूमितीच्या भाषेत मांडला: पुंज-अवस्था सावकाश एका फेरीत नेऊन मूळ स्थितीत आणली, तर तिची कला फिरलेली असते आणि हे फिरणे फेरीच्या आकारावर ठरते. प्रकाशाच्या ध्रुवणात असेच घडते, हे बंगळूरला एस. पंचरत्नम यांनी १९५६ मध्येच दाखवले होते, पण तिकडे लक्ष जायला तीस वर्षे लागली. ही कला कोणत्या नियमाने फिरते? स्फटिकाच्या बाबतीत, चुंबळीच्या प्रत्येक बिंदूवर भरलेल्या अवस्थांचे एक लहान घर असते आणि ते सर्व शक्य अवस्थांच्या मोठ्या सपाट अवकाशात बसलेले असते. तरंगसदिश किंचित सरकला की अवस्था घराबाहेर डोकावते आणि तिला पुन्हा घरात दाबून बसवले जाते. हा प्रक्षेपाचाच नियम आहे, म्हणजे नरसिंहन आणि रमणन यांचे सार्वत्रिक संयोजन जसेच्या तसे. त्यांच्या प्रमेयाचा अर्थ या प्रकाशात वाचला, तर एकसंध गणिती आकृत्यांच्या जगातील कोणतेही संयोजन तत्त्वतः कुठल्या तरी ऊर्जापट्ट्यांच्या रचनेत साकार होऊ शकते. भौतिकशास्त्राने गणिताकडून साधन उसने घेतले, असे अशा वेळी म्हटले जाते. येथे त्याहून अधिक घडले आहे, कारण इलेक्ट्रॉन जो नियम पाळतात तोच सर्व नियमांचे मूळ आहे, हे इलेक्ट्रॉनांना विचारण्याच्या वीस वर्षे आधी सिद्ध झाले होते.

त्या प्रमेयाची दुसरी वाट चर्न यांच्यामार्फत गेली. चर्न आणि जेम्स सायमन्स (वर उल्लेखिलेल्या बॅरी सायमन यांच्याहून हे वेगळे) यांनी १९७४ मध्ये संयोजनांपासून नवे भूमितीय गुणधर्म घडवले, तेव्हा पायाभूत आधार म्हणून मुंबईचे सार्वत्रिक संयोजन वापरले. १९८२ मध्ये डॅनियल त्सुई, होर्स्ट श्टॉर्मर आणि आर्थर गोसार्ड यांना हॉलच्या रोधात एक-तृतीयांश या अपूर्णांकाची पायरी सापडली. पुढे इलेक्ट्रॉनांच्या या अजब द्रवाचे वर्णन करायला चर्न-सायमन्स राशीच उपयोगी पडली. १९८९ मध्ये एडवर्ड विटेन यांनी त्याच राशीवर एक पुंज-सिद्धांत रचला आणि दोऱ्याच्या गाठी ओळखणाऱ्या बहुपदींशी तो जोडला. येथे नरसिंहन आणि शेषाद्री यांचे १९६५ चे प्रमेय आवश्यक ठरले. कित्येक भोके असलेल्या चुंबळीवर दोन वेगळ्या याद्या करता येतात: एकीत स्थिर म्हटल्या जाणाऱ्या बैजिक जुड्या, दुसरीत चुंबळीवरील प्रत्येक फेरीला दिलेली लांबी राखणारी परिवर्तने. पहिली यादी बीजभूमितीची आणि दुसरी फेऱ्यांची, म्हणजे संस्थितिशास्त्राची; प्रमेय सांगते, की दोन्ही याद्या एकच आहेत. विटेन यांच्या सिद्धांताला दुसऱ्या यादीपासून सुरुवात करायची होती आणि अवस्था मोजायला पहिल्या यादीची रचना हवी होती. किती अवस्था मिळतील याचे सूत्र एरिक व्हर्लिंड यांनी १९८८ मध्ये भौतिकशास्त्राच्या अंतःप्रेरणेने सुचवले होते. त्याच्या सिद्धतेकडे नेणारे महत्त्वाचे काम १९९३ मध्ये नरसिंहन आणि टी. आर. रामदास यांनी केले. ग्रेगरी मूर आणि निकोलस रीड यांनी १९९१ मध्ये हॉल-द्रवाच्या एका विशेष अवस्थेसाठी जी तरंगफले सुचवली, ती याच कुळातील आहेत. अवस्था मोजण्याच्या सूत्रासाठी भौतिकशास्त्राने गणिताला आव्हान दिले आणि तीस वर्षांपूर्वी जुड्यांची यादी करणाऱ्या माणसानेच ते स्वीकारले.

थाउलेस यांना २०१६ मध्ये डंकन हाल्डेन आणि मायकेल कोस्टर्लिट्झ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. मे २०१९ पासून मापनपद्धतीत विद्युत्‌भार आणि प्लांक स्थिरांक यांच्या किमती निश्चित धरल्या गेल्याने हॉल रोधाचा तो आकडा आता मोजण्याची नव्हे, मोजमापे जुळवण्याची वस्तू झाला आहे. शेषाद्री जुलै २०२० मध्ये आणि नरसिंहन मे २०२१ मध्ये निवर्तले.

आता कोलाब्याला असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, गणिताच्या दालनांपासून थोड्याच अंतरावर, मंदार देशमुख यांचा गट ग्राफीनवर प्रयोग करतो. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतक्या जाडीचा थर. दोन मच्छरदाण्यांची कापडे एकमेकांवर किंचित तिरकी धरली की मोठमोठ्या ठिपक्यांची एक नवीच नक्षी दिसू लागते. ग्राफीनचे थर सुमारे एका अंशाने तिरके ठेवले तरी तसेच होते, आणि त्या मोठ्या नक्षीमुळे तरंगसदिशांची चुंबळ लहान होऊन तिच्यावरचे डोंगर जवळजवळ सपाट होतात. अशा पदार्थांत व्हॅन होव्ह यांच्या खिंडी आणि चर्न यांचा पीळ एकाच वेळी प्रभावी होतात, आणि बाहेरून लावलेल्या विद्युत्‌क्षेत्राने दोन्ही बदलता येतात. देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तिरक्या ठेवलेल्या दोन दुहेरी थरांत, चुंबकीय क्षेत्राशिवाय, प्रवाहाच्या वारंवारतेच्या दुप्पट वारंवारतेचा आडवा विद्युत्‌दाब मोजला. हा दाब बेरी-वक्रता, म्हणजे बेरी यांची कला ज्या संयोजनाने फिरते त्याची वक्रता, चुंबळीवर एका बाजूला किती झुकली आहे ते दाखवतो. विद्युत्‌क्षेत्र वाढवत नेले तेव्हा एका ठिकाणी त्याचे चिन्ह उलटले: दोन ऊर्जापट्टे भिडून पुन्हा वेगळे झाले होते, आणि चुंबळीवरच्या जुडीचा पीळ बदलला होता.